माळ्यावरच्या जुन्या तबकड्या भंगारात घालताय? आधी हे वाचा

घट बसायच्या आधी गावागावात घरं झाडून-पुसून काढली जातात. माळा रिकामा होतो, अडगळ अंगणात येते आणि त्याच सुमारास भंगारवाल्याची हाळी ऐकू येते. या अडगळीत काही घरांत एक लाकडी पेटी निघते. सोबत पितळेचा नाहीतर पत्र्याचा कर्णा आणि जाड कागदी पाकिटांत घातलेल्या काळ्या तबकड्या. म्हणजे आजोबा-पणजोबांचा फोनो, आणि त्याच्या रेकॉर्डी.

भंगारवाल्याला पितळ पाहिजे असतं, पेटीतली लोखंडी मोटर पाहिजे असते. तबकड्यांना भंगारात काही किंमत नाही, त्यामुळे त्या उकिरड्यावर जातात नाहीतर पोरं थाळीसारख्या भिरकावतात. सिनेमातली गाजलेली गाणी मोबाईलवर कधीही मिळतील. पण लावणी, पोवाडे, गोंधळ, भारूड, संगीत नाटकातली पदं अशा कितीतरी रेकॉर्डी थोड्याच निघाल्या आणि पुढे पुन्हा काढल्याच गेल्या नाहीत. अशी एक तबकडी फुटली, तर त्या माणसाचा आवाज कायमचा जाऊ शकतो.

ही तबकडी आली कुठून?

आपल्या देशात रेकॉर्डिंगचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते १९०२ साली कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग तिथे आले आणि त्यांनी गायिका गौहर जान यांचा आवाज घेतला. त्या काळी आवाज इथे घ्यायचा आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवायच्या, अशी पद्धत होती. तिकडच्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या.

या जुन्या तबकडीतला मुख्य माल म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा बसतो, त्याच्यापासून निघते तीच ही लाख. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोली भागातही ती होते. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, गरम करून, दाबून तबकडी बनवत. म्हणून ती जड असते, आणि हातातून सुटली की कौलासारखी फुटते.

तीनच मिनिटांचं गाणं

जुनी तबकडी एका मिनिटात ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. रात्रभर रंगणारी लावणी किंवा नाटकात अर्धा तास चालणारं पद गायकाला तेवढ्यात बसवावं लागे. ऐकताना ध्यान द्या. फार पसारा नाही, सूर लागला की लगेच गाण्याचा गाभा सुरू होतो.

दुसरी गंमत आवाजाची. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला माईक नव्हता. गायकाने मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. तिथे खणखणीत गळाच चाले. पुढे माईक आला तेव्हा हळू, गोड आवाजातली गाणीही नीट उतरू लागली. बालगंधर्वांची नाट्यपदं, गजाननराव वाटवे किंवा ज्योत्स्ना भोळे यांची भावगीतं, सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या अशा एकामागून एक ऐकल्या, तर गाण्याची ढब कशी बदलत गेली ते आपोआप कळतं.

खेड्यात सगळ्यांच्या घरी फोनो नव्हता. रेकॉर्ड ऐकायला मिळायची ती लग्नाच्या मांडवात, झाडावर बांधलेल्या भोंग्यातून. नाहीतर जत्रेत, तंबूच्या टॉकीजवर. खेळ सुरू होण्याआधी रेकॉर्ड वाजली की लोक घरून निघायचे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ही गाणी अजून पाठ आहेत, ती तिथूनच.

आपल्याकडची रेकॉर्ड कुठली?

तीन प्रकार सापडतात.

• ७८ ची तबकडी: जड, बहुतेक दहा इंची, दर बाजूला एकच गाणं. वाकत नाही, फुटते. आपल्याकडे अशा तबकड्या १९६० नंतरही काही वर्षं निघत होत्या.

• एलपी: बारा इंची, हलकी, थोडी वाकते. एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास गाणी. फेरे मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश.

• ईपी: सात इंची, लहान ताटलीएवढी. फेरे ४५. एका बाजूला एक-दोन गाणी.

एलपी आणि ईपी प्लास्टिकच्या असतात. हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे, कारण सगळी नासाडी इथेच होते.

चावीच्या फोनोवर एलपी लावू नका

चावीच्या फोनोला पोलादी सुई असते आणि तिच्यावर वजनही बरंच असतं. ७८ च्या तबकडीतली रेघ रुंद असते, माल कडक असतो, ती हे वजन झेलते. एलपीची रेघ फार बारीक आणि माल मऊ. तिच्यावर ही सुई ठेवणं म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणं. एकदाच वाजवली तरी गाणं खरवडून निघतं.

उलटही तसंच आहे. इलेक्ट्रिक प्लेअरवर ७८ ची तबकडी लावायची तर त्याला ७८ चा वेग पाहिजे आणि रुंद रेघेची वेगळी सुई पाहिजे. एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर करते.

पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची. तबकडीत दगडाची पूड असते, तिच्यावर सुई घासून झिजते. झिजलेल्या सुईला धार येते आणि पुढचं गाणं ती कापत जाते. जुन्या फोनोसोबत सुयांची छोटी डबी असायची ती याचसाठी. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डवाल्यांकडे सुयांची चौकशी करता येते. डबीतली गंजलेली सुई मात्र लावू नका.

दर बाजूला चावी भरावी. स्प्रिंग ढिली पडली की गाणं मध्येच रडायला लागतं. चावी जड लागली की थांबावं, जोर करू नये. फोनो ठेवून देताना स्प्रिंग उतरू द्यावी.

धुवायची कशी, ठेवायची कशी?

सुतार लाकडाला पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. चपडा म्हणजेच लाख. त्यामुळे ७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात लावू नका. वरचा थर विरघळतो आणि गाणं पुसलं जातं.

आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. फार मळ असेल तर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, मऊ सुती फडक्याने रेघेच्या दिशेने गोल पुसा. मधला कागद भिजू देऊ नका. स्वच्छ पाण्याने पुसून लगेच कोरडी करा. उन्हात वाळवू नका.

तबकड्या वहीसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक थप्पी लावली की खालच्या तडकतात. पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तिथे रेकॉर्ड वाकते. ओल धरणारी भिंतही नको. उंदीर आणि वाळवी आधी पाकिटं खातात, म्हणून झाकणाची पेटी बरी. फुटलेली असेल तर सगळे तुकडे एकत्र बांधून ठेवा.

विकायची असेल तर?

आधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचे मोबाईलवर फोटो काढा. गायकाचं नाव, गाणं, कंपनी आणि रेकॉर्डचा नंबर वहीत उतरवा. जुन्या रेकॉर्डला लाखो रुपये मिळतात अशा मेसेजवर विश्वास ठेवू नका. गाजलेल्या सिनेमाच्या रेकॉर्डी पुष्कळ आहेत, त्यांना फार भाव येत नाही. कोणी ‘आधी फी भरा, मग माल उचलतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

विकत घेणाऱ्यांनीही सावध राहावं. चकचकीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचं चित्र लावून नवे जोडलेले फोनो जुने म्हणून विकले जातात. असली यंत्रं रेकॉर्डी खराब करतात.

दुर्मिळ वाटणारी तबकडी असेल तर मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून या विषयात काम करते. तिथे फोटो पाठवून विचारता येईल.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर?

रेकॉर्डिंगवरचा हक्क, रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. मात्र गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. घरच्यांसाठी मोबाईलवर भरून ठेवायला अडचण नाही. पंखा बंद करा, दारं लावा, मोबाईल कर्ण्यापासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि एका फेरीत काम उरका. सारखी सारखी वाजवली की तबकडी झिजते.

आणि वाजवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. ही रेकॉर्ड कोणी आणली, कुठल्या बाजारातून, कोणाच्या लग्नात वाजली, हे लेबलवर लिहिलेलं नसतं. ते त्यांनाच ठाऊक असतं. गाण्याबरोबर तेही मोबाईलवर भरून ठेवा.