घरचा कम्प्युटर बदलायचा? आधी एक जुनी मराठी फाइल फोनवर उघडून बघा

या एपिसोडचा हा लिखित अवतार. इयरफोन घरी विसरलात आणि लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली असेल, तर वाचत चला. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या गाळल्यात.

आमच्या मुलुंडच्या घरी हॉलमध्ये कोपऱ्यात एक डेस्कटॉप आहे. २०१६ साली मी आणि बाबांनी लॅमिंग्टन रोडला जाऊन पार्ट घेतले आणि घरी येऊन जोडला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १०. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणजे कम्प्युटर बंद पडला असं नाही, तो चालतोय. पण सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबलं. ज्या मशीनवर बाबा नेट बँकिंग करतात, तिथे हे मला चालणार नव्हतं. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा दोन पिढ्या मागे.

खरं सांगतो, मला आनंदच झाला. कारण मला घरात मॅक मिनी आणायचा होता. एम-फोर चिपवाला, १६ जीबी रॅम, किंमत तेव्हा ५९,९०० पासून. ऑफिसमध्ये मॅकवर काम करून करून घरचं मशीन म्हणजे बैलगाडी वाटायला लागली होती. कारणं तयार होती: आवाज नाही, जागा कमी, वीज कमी. कार्टमध्ये टाकूनही झाला होता.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "त्याच्यावर आजोबांचं लिखाण उघडेल ना?"

मी म्हटलं, "बाबा, वर्डची फाइल आहे. न उघडायला काय झालं?"

इंजिनिअर असल्याचा माज, दुसरं काय! त्या रात्री फाइल माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर घेतली आणि उघडली. ११८ पानं उघडली, पण मराठी एक अक्षर नाही. डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि ओ, मध्येच डिग्रीची खूण, मध्येच पौंडाची.

आता ही फाइल काय आहे ते सांगतो. आजोबा पाटण तालुक्यातले. सोळाव्या वर्षी मुंबईत आले, गिरणीत लागले, १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि मग मुलुंडला एका कारखान्यात रात्रपाळी. म्हातारपणी त्यांनी हे सगळं पाच वह्यांमध्ये लिहिलं. २००९ मध्ये बाबांनी रोज रात्री बसून ते टाइप केलं. वह्या माळ्यावर गेल्या, वाळवीनं खाल्ल्या. आजोबाही गेले. राहिली ती ही फाइल. तिच्या कॉपी पेन ड्राइव्हवर तीन ठिकाणी होत्या, पण तिन्ही अशा की आमच्या त्या जुन्या मशीनवरच वाचता येतील. याला बॅकअप म्हणत नाहीत हे मला त्या रात्री कळलं.

हे का होतं, ते जरा नीट समजून घेऊ, कारण तुमच्याही घरी अशी फाइल असण्याची शक्यता बरीच आहे.

कम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. आज तुम्ही फोनवर 'क' टाइप केलात की आत २३२५ हा आकडा जातो, 'म' ला २३५०. हे युनिकोडचे नंबर, जगात सगळीकडे तेच. पण घरोघरी आणि डीटीपीच्या दुकानांत युनिकोड रुळायला बराच काळ गेला. त्याआधी मराठी टायपिंग चालायचं ते खास सॉफ्टवेअर आणि त्यांच्या खास फॉन्टवर. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम होतं, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी होतं, कृतिदेवसारखे नुसते फॉन्ट होते. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, दिवाळी अंक, सगळं त्यावर. तेव्हा त्याला पर्याय नव्हता, आणि या मंडळींनी ते केलं नसतं तर मराठी कम्प्युटरवर इतक्या लवकर आलीच नसती.

त्या फॉन्टची युक्ती अशी: इंग्रजी अक्षराच्या नंबरवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेवमध्ये 'काम' लिहिलंत, तर फाइलमध्ये खरं तर डी, के, ई ही इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट हजर असेल तर तुम्हाला 'काम' दिसतं. फॉन्ट नसेल तर उरतात डी-के-ई. फाइल बिघडलेली नसते, तिचा मुखवटा गळून पडलेला असतो. आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा मुखवटा वेगळा.

मग फॉन्ट मॅकवर टाकला तर? टाकला. बाबांच्या जुन्या सीडीतला फॉन्ट चढवल्यावर पानं बऱ्यापैकी दिसायला लागली. पण शोधायला 'आजी' टाइप केलं तर एकही निकाल नाही, कारण फाइलमध्ये 'आजी' नाहीच. फोनवर पाठवली तर परत टोप्या. दुरुस्ती करायची तर जुनं टायपिंग सॉफ्टवेअरच हवं, आणि आमच्याकडे असलेलं फक्त विंडोजवर चालतं.

म्हणजे प्रश्न मॅक की विंडोज हा नव्हताच. आधी मजकूर मोकळा करायचा होता.

त्यासाठी कन्व्हर्टर असतात, फुकटही मिळतात. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'कि' मधली वेलांटी आधी, 'क' नंतर. युनिकोडमध्ये उलटं. 'कर्म' मधला रफार जुन्या फाइलमध्ये 'म' च्या नंतर, युनिकोडमध्ये 'म' च्या आधी. कन्व्हर्टरला ही सगळी उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. आजोबांनी गिरणीचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं, त्यालाही त्यानं मराठी समजून भलतंच काहीतरी केलं. 'ॲ' ची वेगळीच गंमत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र नंबर घेऊन आलं. त्याआधी 'अ' वर चंद्र देऊन काम भागवायचे. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला वेगळे.

आणि सगळ्यात वाईट चूक मराठीतलीच. आम्ही वापरलेला कन्व्हर्टर बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला. त्याला आपला 'ऱ्य' माहीतच नव्हता, सरसकट 'र्य' करून टाकला. 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर' झालं, ते निदान लगेच दिसतं. पण आजोबांनी पाटणच्या दऱ्या लिहिल्या होत्या, त्यांचा दर्या झाला. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. कुठलंही स्पेलचेक हे पकडणार नाही, दोन्ही शब्द बरोबर आहेत. ज्या माणसानं पहिला समुद्र मुंबईत येऊन पाहिला, तो पान तीनवर लहानपणी दर्यात गुरं चारत होता.

त्यामुळे ओळ न् ओळ जुन्या पानाशी ताडून बघायची, दुसरा मार्ग नाही. बाबा रोज दोन-तीन पानं करतात.

आता मशीनकडे येऊ. आठवडाभर कम्प्युटरशेजारी एक वही ठेवली. जो बसेल त्यानं काय केलं ते लिहायचं. आईनं लिहिलं: कीर्तन, वीजबिल, व्हॉट्सॲप. बाबांचं: सोसायटीच्या नोटिसा, बँक, प्रिंट, आणि दोन दुकानांचे हिशोब टॅलीवर. माझं नाव वहीत एकदाही नाही. ज्याच्यासाठी साठ हजारांचं मशीन येणार होतं, तो त्या खुर्चीत बसतच नाही! शिवाय एम-फोर मिनीला जुना चौकोनी यूएसबी पोर्ट नाही, सगळे टाइप-सी. आमचा मॉनिटर व्हीजीएवाला. म्हणजे प्रिंटर, पेन ड्राइव्ह, मॉनिटर, सगळ्यांना ॲडॅप्टर. कीबोर्ड-माउस वेगळा घ्यायचा. आणि टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, मॅकवर सरळ चालत नाही.

म्युनिक शहराच्या पालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं, जवळपास पंधरा हजार कम्प्युटर हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव केला. राजकारणही होतं त्यात, पण जुने फॉर्म, जुने मॅक्रो, एकेका खात्याची खास सॉफ्टवेअरं, यांनी त्यांना वर्षानुवर्षं घाम फोडला. आमचं घर वन-बीएचके आहे, पण दुखणं तेच. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स छान रुजलं. तिथे शिकवण्याची सॉफ्टवेअरंच त्यावर बसवून दिली होती.

आम्ही काय केलं? तीन हजारांच्या आत एसएसडी घेतली, आणि तिच्यावर लिनक्स मिंट. त्याआधी चार दिवस पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, काहीही इन्स्टॉल न करता. प्रिंटर ओळखला, बँकेची साइट चालली. बाबांची बोटं इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर बसलेली आहेत हे आमचं नशीब, कारण तो कीबोर्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे आहे. त्यांनी पहिली नोटीस लिबरऑफिसमध्ये टाइप केली आणि फक्त एवढंच म्हणाले, "अक्षर जरा बारीक आहे." ते मोठं करून दिलं.

जुनी हार्ड डिस्क विंडोज १० सकट तशीच आहे. तिच्यावर बँकेचं काम बंद, फक्त टॅली आणि जुनी फाइल. मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना एक वर्षाचे वाढीव सुरक्षा अपडेट दिलेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर त्याचे पैसे पडत नाहीत. ते घेतलंय. मार्चचे हिशोब झाले की बाबा दुकानांचं काम सोडणार म्हणतायत. (आई म्हणते, हे ते तीन वर्षं म्हणतायत.) नाही सोडलं, तर ऑक्टोबरच्या आत एक छोटा विंडोज ११ वाला पीसी घ्यावा लागेल. त्याला मी आता नाही म्हणणार नाही.

तुम्ही इतकंच करा. घरच्या कम्प्युटरवरची जुन्यात जुनी मराठी फाइल स्वतःला व्हॉट्सॲप करा आणि फोनवर उघडा. मराठी दिसली तर खुशाल हवं ते मशीन घ्या. टोप्या दिसल्या, तर जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नका, फॉन्टची सीडी शोधा, आणि ज्यानं ते टाइप केलंय त्याला शेजारी बसवा, तो आहे तोवर.

आमचं काल पान त्रेसष्ट झालं. तेवढी पानं मी फोनवर घेतलीत, मुलुंड ते भायखळा रोज थोडी वाचतो. दऱ्या सगळ्या परत जागेवर आल्यात. एक ठिकाणी खरंच दर्या होता, गिरगाव चौपाटीचा. तो बाबांनी चुकून दऱ्या करून टाकला होता, मी परत बदलला.