प्रोबेट नको, सह्या हव्यात

बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होतंय आणि वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. भाव चढतील या आशेने कुणी वडिलांचं बंद घर तसंच ठेवून देतं, तर कुणी ते विकायला काढतं. विकायला काढलं की एजंटाचा पहिला प्रश्न ठरलेला: "प्रोबेट आहे ना?" समोरचा घाबरतो आणि सहा महिने गप्प बसतो.

वास्तविक हा प्रश्न मुंबईचा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर न्यायालयाने मारलेला शिक्का. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५७ आणि २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना तो सक्तीचा होता. पण कुठे? मुंबई आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत आणि जुन्या बंगाल प्रांतात केलेल्या मृत्युपत्रांना, किंवा त्या हद्दीतल्या स्थावर मालमत्तेपुरता. मुंबईपुरती ही हद्द दहिसरला संपते. वसई, पालघर, बोईसर, डहाणू कधीच तिच्यात नव्हते. मृत्युपत्र पालघरात झालं आणि घरही पालघरातच असेल, तर प्रोबेटवाचून विक्री अडत नाही. मृत्युपत्रात अंधेरीचा एखादा फ्लॅट असला तर गोष्ट वेगळी होती. होती म्हणायचं कारण, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च काढून टाकलं. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांची या सक्तीतून २००२ च्या दुरुस्तीनेच सुटका झाली होती.

म्हणजे प्रोबेट निरुपयोगी आहे का? नाही. "ही सही बाबांची नाहीच" असं एखादा भाऊ म्हणाला, किंवा खरेदीदाराची बँक हटून बसली, तर जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेणं शहाणपणाचं. मात्र प्रोबेट मृत्युपत्राचा खरेपणा ठरवतं, घराची मालकी नाही. बापाचीच मालकी कच्ची असेल तर प्रोबेटने ती पक्की होत नाही.

मृत्युपत्र नोंदवलेलं नसेल तर ते बाद, हाही असाच एक समज. नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार एवढं पुरतं. उलट नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही न्यायालयात आव्हान देता येतं.

आता 'सक्सेशन सर्टिफिकेट'. घरासाठी ते काढायला सांगणारे वकीलही भेटतात. हा दाखला बँकेतली ठेव, शेअर, येणं रक्कम यांच्यासाठी आहे, घराजमिनीला तो चालत नाही. वारस कोण हे न्यायालयाकडूनच ठरवून हवं असेल, तर महाराष्ट्रात त्याची वेगळी वाट आहे: १८२७ चा मुंबई विनियम ८. कंपनी सरकारच्या काळातला हा विनियम अजून जिवंत आहे आणि दिवाणी न्यायालयं त्याखाली वारस प्रमाणपत्र देतात.

खरी मेख मात्र या कागदांत नाही, ती वंशावळीत आहे. समजा, तारापूर एमआयडीसीत नोकरी करून एका गृहस्थांनी बोईसरला स्वतःच्या पैशाने घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता ते गेले. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाला पाव हिस्सा, असं सगळे धरून चालतात. पण त्या गृहस्थांची आई त्या दिवशी हयात होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आईही पहिल्या वर्गाची वारस. म्हणून हिस्से चार नव्हेत, पाच. दोन वर्षांनी आजी गेली. तिचा पाचवा हिस्सा नातवंडांकडे आपोआप परतत नाही, तो तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. दोन काका आणि एक आत्या असतील, तर त्या पाचव्या हिश्शाचे चार भाग होतात आणि दिवंगत मुलाच्या मुलांना मिळून त्यातला एकच भाग येतो. म्हणजे काका-आत्या प्रत्येकी १/२० चे मालक. ज्या आत्याने त्या घरात कधी पाऊल टाकलं नाही, तिच्या सहीवाचून खरेदीखत पूर्ण होत नाही. खरेदीदाराचा वकील हे नेमकं इसार दिल्यानंतर शोधून काढतो.

बहिणीचंही तेच. "लग्नात दिलं, आता काय?" हे वाक्य आपल्याकडे अजून बिनदिक्कत बोललं जातं. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा मुलाएवढाच हिस्सा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तो २००५ च्या दुरुस्तीने आला आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहीण आपखुशीने हिस्सा सोडत असेल तर जरूर सोडू द्या, पण तोंडी किंवा नोटरीच्या कागदावर नको. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

जुना हस्तलिखित सातबारा हातात घेऊन बघा. मयताचं नाव कंसात, खाली वारसांची नावं, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. कधी थोरल्या भावापुढे 'ए. कु. मॅ.' लिहिलेलं असतं आणि बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात लोटलेल्या असतात. थोरला मग स्वतःला मालक समजतो. ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, मालक नव्हे, आणि रकाना बदलल्याने बहिणीचा वाटा घटत नाही. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा ही सगळी महसुलाची आणि कराची दप्तरं आहेत. मालकी त्यांनी जन्मत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तरीही वारसनोंद करून घ्याच. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची असते, मग नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. सातबाऱ्यावर इतके मयत साचले होते, की २०२५ मध्ये राज्य सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली.

सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनी हा मालक नसतो. २०१९ पासून सहकार कायद्यानेच त्याला तात्पुरता सदस्य ठरवलं आहे, खरे वारस ठरेपर्यंतचा. वडिलांनी मुलाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र वडिलांबरोबरच संपतं, त्यावर नंतर केलेली विक्री टिकत नाही. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला आईलाही न्यायालयाची आधी परवानगी लागते. आणि एमआयडीसीतला भूखंड मुळात भाडेपट्ट्याचा. वारसांचं नाव महामंडळाच्या दप्तरात चढल्याशिवाय आणि महामंडळाची परवानगी मिळाल्याशिवाय तो हस्तांतरित होत नाही.

पालघरात एक गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक जपायची. घराखालची जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे बिगर आदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. 'शंभरच्या स्टँपवर लिहून घेतलंय' याला काडीची किंमत नाही. शिवाय हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना लागूच नाही, तिथे रूढी चालते. यावरून आदिवासी मुलीला हिस्सा नाहीच असं कुणी म्हणत असेल, तर त्याने सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल वाचावा. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबात मुलीच्या वारसांना न्यायालयाने समतेच्या तत्त्वावर समान वाटा दिला.

कराचं थोडक्यात: वारसा मिळाला म्हणून आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. कर लागतो तो विकताना झालेल्या नफ्यावर आणि तो मोजताना वडिलांची खरेदी किंमत धरतात, घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमतही धरता येते.

तेव्हा एजंटाला फोन करण्याआधी एक कोरा कागद घ्या. घर ज्यांच्या नावावर होतं ते कोणत्या तारखेला गेले आणि त्या दिवशी कोण कोण हयात होतं, एवढं लिहून काढा. मग त्या प्रत्येकाला फोन करा, आत्यालाही. इसाराची रक्कम त्यानंतरच हातात घ्या.