माळ्यावरच्या संगणकाचे पडिलेहण

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की पनवेलच्या घराघरांतील माळे रिकामे होऊ लागतात. चार महिन्यांच्या पावसाने भिंतींत मुरलेली ओल तोवर ओसरलेली असते. तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात, जुन्या वह्यांची रद्दी बांधली जाते आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. सात-आठ वर्षांपूर्वी तो बंद पडला आणि दुरुस्तीचा खर्च नव्या संगणकाच्या जवळपास निघाला, एवढाच त्याचा इतिहास घरात कोणाला तरी आठवतो. त्या पेटीत आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याची छायाचित्रे होती, त्यांच्या आवाजातील पच्चक्खाण होते, घरातील लेकीच्या दीक्षेच्या वरघोड्याची चित्रफीत होती, हे ध्यानात येते तेव्हा हातगाडी गल्लीचे वळण घेऊन गेलेली असते.

ही हानी बहुतेक वेळा टाळता येण्याजोगी असते. संगणक बंद पडणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. विजेचा पुरवठा करणारा भाग जळतो, मदरबोर्ड निकामी होतो, लॅपटॉपचा पडदा फुटतो; परंतु ज्या तबकडीवर छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे कोरलेली असतात ती हार्ड डिस्क अनेकदा शाबूत असते. तिला नवे घर मिळाले की ती पुन्हा बोलू लागते. या नव्या घरालाच 'एन्क्लोजर' म्हणतात. दुकानात 'हार्ड डिस्कचे केसिंग' म्हणून मागितले तरी तीच वस्तू समोर येते. बाहेरून ते साधे कवच दिसते, पण आत एक लहानसे सर्किट असते. डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत उतरवून देणे हे त्याचे काम. डिस्क त्यात बसवून केबल दुसऱ्या संगणकाला जोडली की जुनी कपाटे उघडतात. लॅपटॉपच्या डिस्कसाठीचे साधे केसिंग काही शे रुपयांत मिळते.

पोथी आणि वेष्टन

जैन समाजाला ही कल्पना नवी वाटू नये. ज्ञानभांडारांत प्रत्येक पोथी लाकडी पाटल्यांमध्ये धरून कापडी वेष्टनात बांधली जाते आणि डब्यात ठेवली जाते. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ही वेष्टने सोडून पोथ्यांवरील धूळ झटकण्याची आणि जीर्ण कापड बदलण्याची परंपरा आहे. दिगंबर समाजात ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी म्हणून श्रुताच्या पूजनाची तिथी आहे. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या ज्ञानपंचमीमागे भक्तीइतकाच व्यवहारही आहे. दमटपणा आणि कसर पोथीचा घास घेतात, हे पूर्वजांनी पाहिले होते.

एकच प्रत असण्यातील धोकाही समाजाने अनुभवला आहे. दीर्घ दुष्काळांत श्रुतधर मुनींची परंपरा खंडित होऊन कंठस्थ ज्ञानाचा मोठा भाग लोप पावला आणि वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी (दुसऱ्या मतानुसार ९९३) वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले, असे श्वेतांबर परंपरा सांगते. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर राहिली. यात्रेकरूंना तिचे दर्शन घडे, वाचन मात्र घडत नसे. सोलापूरचे हीराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद पानाचंद जव्हेरी यांनी मनावर घेतले, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या प्रतिलिपीचे काम सुरू झाले. पुढे प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली तिचा पहिला भाग अमरावतीहून छापून आला. ताडपत्रे पूजेत होती; ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला तो प्रतिलिपीमुळे. घरातील हार्ड डिस्कलाही हाच नियम लागू आहे. एन्क्लोजर हे वेष्टन होय. त्याने पोथी उघडता येते. पोथी टिकते ती दुसरी प्रत काढल्याने.

केसिंग निवडताना

दुकानात जाण्यापूर्वी डिस्क बाहेर काढून तिचे माप आणि तोंड पाहावे. विजेची जोडणी पूर्ण काढावी, स्क्रू सोडवावेत, केबल सरळ रेषेत ओढावी. हे काम अवघड वाटल्यास दुरुस्ती करणाऱ्याकडून आपल्यासमोर करून घ्यावे आणि डिस्क आपल्या हातातच परत घ्यावी.

लॅपटॉपमधील डिस्क अडीच इंची असते. यूएसबीच्या केबलमधून मिळणाऱ्या ५ व्होल्ट विजेवर ती चालते. तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, क्वचित त्याहूनही अधिक. केसिंग त्या जाडीचे आहे ना, हे विचारावे. टेबलावरच्या संगणकातील डिस्क साडेतीन इंची असते. तिला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून तिच्या केसिंगसोबत भिंतीत लावायचा स्वतंत्र अडॅप्टर असलाच पाहिजे. अडॅप्टरविना स्वस्त मिळणारे केसिंग त्या डिस्कच्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट जोडणीच्या तोंडाची. २००३ नंतर हळूहळू रुळलेल्या 'साटा' पद्धतीच्या डिस्कला दोन चपट्या पट्ट्या असतात. त्याआधीच्या 'आयडीई' डिस्कला बारीक पिनांच्या दोन लांब रांगा असतात. तिचे केसिंग वेगळे असते आणि आता ते शोधावे लागते. पनवेलमध्ये न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी 'एम-डॉट-टू' एसएसडी असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसायला सारखे, पण आतून वेगळे असतात. दोन्ही चालवणारे केसिंग मिळते. लेबल न वाचता घेतलेले केसिंग मात्र परत करावे लागण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न वेगाचा. यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट माहिती सरकते. म्हणजे ५०० जीबी उतरवायला चार तासांहून अधिक वेळ जातो. यूएसबी ३.० वर फिरत्या तबकडीची डिस्क तेच काम साधारण दीड तासात करते. बारीकसारीक फाइली पुष्कळ असतील तर अधिक वेळ लागतो. अशा डिस्कसाठी '५ जीबीपीएस' लिहिलेले केसिंग पुरेसे आहे. त्याहून वेगवान आणि महाग केसिंग घेऊन जुनी डिस्क वेगाने धावणार नाही. अधिक वेगाचा लाभ एनव्हीएमई एसएसडीला होतो. तिला उष्णताही अधिक होते. तिच्यासाठी धातूचे कवच आणि सोबतची उष्णतावाहक पट्टी आवश्यक समजावी. दोन टेराबाइटहून मोठी डिस्क असल्यास केसिंग तेवढी क्षमता ओळखते का, हेही खोक्यावर पाहून घ्यावे.

पहिल्यांदा जोडताना

डिस्क जोडल्यावर पडद्यावर एखादे वेळी सूचना येते: डिस्क वापरण्यापूर्वी 'फॉरमॅट' करा. अनेकांचा ठेवा या क्षणी संकटात येतो. तेथे 'कॅन्सल' दाबावे. संगणकाला डिस्कची भाषा कळलेली नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ असू शकतो. मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क ४८ अंकी किल्ली मागते. ती पूर्वी वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असण्याचा संभव असतो. काही तयार बाह्य डिस्कमध्ये कुलूप मूळ केसिंगच्या सर्किटमध्येच असते; अशी डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घातल्यास वाचता येत नाही.

डिस्क उघडली, पण छायाचित्रे दिसत नाहीत, असेही घडते. ती बहुधा 'यूजर्स' या कप्प्यात, जुन्या विंडोज एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये, त्या वेळच्या वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. प्रवेशाची परवानगी मागितली गेल्यास ती द्यावी. जुन्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये, काही पुसू नये. तिच्यावरून केवळ उतरवून घ्यावे.

डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर आधी केबल बदलावी आणि संगणकाच्या मागच्या यूएसबीत जोडून पाहावी. कमी वीज मिळाल्यानेही असा आवाज येतो. तरीही तो थांबला नाही तर डिस्क तत्काळ बंद करावी. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचनाचे टोक माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून फिरत असते. प्रत्येक नवा प्रयत्न तबकडी ओरखडू शकतो. अशा वेळी माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे जावे. डिस्कचे झाकण घरी कधीही उघडू नये. चालू डिस्क हलवणे, आपटणे, 'सेफली रिमूव्ह' न करता ओढून काढणे हेही टाळावे. जयणा हा शब्द चालणे-बोलणे-उठणे यांपुरता नाही, वस्तू उचलण्या-ठेवण्यातही ती पाळायची असते. या यंत्राइतके ते क्वचितच कोठे पटते.

तीन प्रती आणि वर्षाचे पडिलेहण

उतरवून घेतल्यानंतर जुनी डिस्क केसिंगमध्येच ठेवून तिच्यावर विसंबण्याचा मोह होतो. तो आवरावा. तिचे वय झालेले असते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारखी मोफत प्रणाली तिचे आरोग्य दाखवते. तेथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसल्यास तिला निवृत्त करावे. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, असा अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आहे. गाढी नदीकाठच्या गावाला घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व सांगावे लागू नये; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीची आठवण रायगड जिल्ह्यात अजून पुसलेली नाही. पुण्याच्या लेकीच्या कपाटातील एक डिस्क पुरातही कोरडी राहते.

साठवणीची डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत एवढी काळजी हवीच. दीर्घकाळ कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर एकटीच ठेवू नये, कारण वीज न मिळाल्यास तिच्यातील भार कालांतराने ओसरू शकतो. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी म्हणून नवी, रिकामी डिस्क 'एक्सफॅट' पद्धतीने तयार करावी. मुनीमहाराज आपल्या वस्त्र-पात्रांचे रोज पडिलेहण करतात. गृहस्थाने वर्षातून एकदा, ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला, प्रत्येक डिस्क जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात आणि डब्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. वर्षानुवर्षे न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

येथे अपरिग्रहाचाही विचार यावा. जुनी डिस्क वाचवणे म्हणजे नवी वस्तू न घेता काम भागवणे. तथापि हजारो 'सुप्रभात' संदेश आणि एकाच प्रसंगाची साठ छायाचित्रे जपणे हाही परिग्रहच. निवड करावी. कामातून गेलेली डिस्क नव्या ई-कचरा नियमांनुसार, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या व्यवस्थेतील नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी. चालू डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील बँकेची आणि ओळखपत्रांची कागदपत्रे पूर्णपणे पुसून टाकावीत; नुसते 'डिलीट' केल्याने ती पुसली जात नाहीत.

एक काम मात्र कोणतेही केसिंग करू शकत नाही. पारण्याच्या छायाचित्रात इक्षुरसाचा कलश घेऊन उभी असलेली ती बाई कोण, वरघोड्यात पुढे चालणारे गृहस्थ कोणत्या गावचे, हे ओळखणारे डोळे घरात आज आहेत. ज्ञानपंचमीच्या दुपारी आजींना संगणकासमोर बसवावे, एकेक छायाचित्र दाखवावे आणि त्या सांगतील ती नावे नातवंडांनी फाइलीला द्यावीत. वर्ष, गाव, नाव. त्यानंतर दुसरी प्रत काढावी आणि मगच डबा बंद करावा.