ब्लिसी: गुलाबी भिंत

गोलमटोल अंग, पोटाच्या पिशवीत अंडं. ब्लिसीला पाहून कुणी घाबरत नाही. पण 1999 मध्ये ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या व्हिडिओ गेम्समधून आलेल्या या बाईंनी भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले. तिचा मूळ एचपी, म्हणजे जीव, 255. शंभराव्या लेव्हलला तो 714पर्यंत चढतो. ‘स्पेशल’ हल्ल्यांनी तिला जेमतेम खरचटतं आणि ‘सॉफ्ट-बॉइल्ड’ने ती एका चालीत निम्मा एचपी भरून काढते.

शारीरिक हल्ल्यांविरुद्धचा ‘डिफेन्स’ मात्र अवघा 10! फायटिंग प्रकारातल्या दांडगटाचा ‘क्लोज कॉम्बॅट’ बसला, की बहुतेकदा कारभार आटोपतो. म्हणून तर जोडीला शारीरिक फटके झेलणारी पोलादी पोकेमॉन, स्कार्मरी.

2010 पासून तिची आधीची अवस्था, चॅन्सी, आणखी चिवट झाली. ‘इव्हिओलाइट’ ही वस्तू जवळ असली, की दोन्ही बचाव दीडपट. प्रतिस्पर्ध्याने ‘नॉक ऑफ’ या चालीने ती पाडली, की पंचाईत.