मामांची पद्मिनी का किंचाळत होती?

आपण मेकॅनिकलवाले चार वर्षं कागदावर इतकी इंजिनं सोडवतो की खरं इंजिन समोर आलं की बोनेट कुठून उघडायचं इथपासून सुरुवात होते. (निदान माझी तरी झाली. खोटं कशाला बोला!)

नेरुळला माझे मामा राहतात. त्यांच्याकडे 1994 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. नव्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. ही मूळची फियाट 1100, आणि ती बनायची आपल्या शेजारीच, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या मामांसारख्या हट्टी लोकांच्या खाजगी गाड्या.

तर मामांच्या गाडीला दोन दुखणी होती. एक, सुरू केली की पायाने न दाबताच रेस वाढलेली. दोन, फॅन बेल्ट असा किंचाळायचा की बिल्डिंगचा वॉचमन दचकून उठायचा. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने बेल्ट ताणला, दुसऱ्याने आणखी ताणला, तिसऱ्याने बेल्टला साबण चोळला! मामा वैतागले. म्हणाले, "अरे, रविवारी भंगारवाला येणार आहे, सतरा हजार देतोय. घेऊन जाऊ दे एकदाची." मामी काही बोलली नाही, पण त्या दिवशी चहात साखर नव्हती.

हातात शनिवार होता. रूममेटला घेतलं, वर्कशॉपच्या काकांकडून टॅकोमीटर मागून आणला (काकांनी सही घेतली, वर "हरवलास तर बघ" हेही ऐकवलं) आणि नेरुळ गाठलं. एक सूचना आधीच: बोनेटखाली वाकताना गळ्यातलं कॉलेजचं आयकार्ड काढून ठेवा. तो पट्टा फिरत्या पंख्यात गेला तर पुढचं सेमिस्टर विसरा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर.

पद्मिनीच्या डॅशबोर्डवर आरपीएमचं मीटर नसतं. आम्ही क्रँकच्या पुलीला चमकती पट्टी चिकटवून मोजलं, इंजिन गरम असताना 1650. हे आठशेच्या आसपास हवं. टॅकोमीटर नसेल तर मोबाइलवरही अंदाज येतो. चार सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट. सायलेन्सरच्या आवाजाची मुख्य फ्रिक्वेन्सी एखाद्या अॅपवर पाहा आणि तिला तीसने गुणा. 55 हर्ट्झ आली तर 1650.

रेस जास्त असली की सगळ्यांचा हात आधी कार्बुरेटरच्या आयडलिंग स्क्रूकडे जातो. आमचाही गेला. त्याआधी चोकची केबल अर्धवट ओढलेली तर नाही ना, अॅक्सिलरेटरचा दांडा अडकत नाही ना, त्याची स्प्रिंग शाबूत आहे ना, हे पाहिलं. ते ठीक होतं. मग स्क्रू सैल केला. रेस उतरायला लागली, आम्ही खूश, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला. हेडलाइट लावला तर बेल्टची किंकाळी दुप्पट.

इथे डोक्यात ट्यूब पेटली. म्हणजे कुणीतरी कधीतरी लाल दिवा विझवायला म्हणून स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवली होती! डायनॅमो हळू फिरतोय, तर इंजिनच जोरात फिरवा. मग खरा प्रश्न बेल्टचा.

पण बेल्ट तर ताठ होता. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर, फार तर दीड, दबायला हवा. हा जेमतेम दबत होता. मग ताठ बेल्ट घसरतो कसा? मामींच्या इस्त्रीच्या फवाऱ्याने चालू बेल्टवर लांबून थोडं पाणी मारलं. पाण्याने आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुली एका रेषेत नसतात. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. आमचा वाढला.

इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि टॉर्च मारली. पुलीच्या खोबणीचा तळ आरशासारखा चकाकत होता. बस्स, सापडलं! व्ही-बेल्ट तळावर बसायचाच नसतो. तो दोन्ही कुशींनी खोबणीत पाचरीसारखा रुततो, पकड तिथून येते. आमच्या बेल्टची रुंदीच कमी होती. कुणीतरी मिळाला तो बसवला होता.

थिअरी ऑफ मशीन्समध्ये पाठ केलेलं ते सूत्र आठवा, बेल्टच्या दोन बाजूंच्या ताणाच्या गुणोत्तराचं. घर्षणांक 0.3 आणि पुलीवरचा वेढा 2 रेडियन धरला तर सपाट पट्ट्याला गुणोत्तर मिळतं 1.8. तोच पट्टा 38 अंशांच्या खोबणीत कुशींवर बसला की साइनने भागावं लागतं, घर्षण सुमारे तिप्पट झाल्यासारखं होतं आणि गुणोत्तर 6.3 वर जातं. बेल्ट तळाला टेकला की आपण 6.3 वरून 1.8 कडे घसरतो. मग कितीही ताणा. ताणून पकड फारशी येत नाही, डायनॅमोचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग मात्र जातं. परीक्षेत मी हे गणित सोडवलं होतं, सात मार्कही मिळाले होते, पण ते या आवाजाचं गणित आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

आणि यात नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही. पद्मिनीत वॉटर पंप आणि पंखा याच एका बेल्टवर चालतात. वाशीच्या खाडी पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि बेल्ट घसरत असला, तर रेडिएटर उकळून हेडचं पॅकिंग जायला वेळ लागत नाही.

बेल्ट निघालेलाच होता म्हणून दोन्ही पुली हाताने फिरवून पाहिल्या. पंप किंचित खरखरत होता पण हलत नव्हता, गळतही नव्हता. नशीब. पुली साबण-तेल जाईपर्यंत पुसल्या, योग्य रुंदीचा बेल्ट आणून बसवला, डायनॅमो बाहेर ओढून बेताचा ताण दिला. गाडी सुरू केली. शांत! हेडलाइट लावला, तरी शांत. वॉचमनने येऊन विचारलं, "बंद पडली का?"

आता स्क्रू बिनधास्त सैल केला. रेस 1150 पर्यंत उतरली आणि तिथेच अडली. स्क्रूचं टोक तर दांड्याला टेकतही नव्हतं. म्हणजे थ्रॉटल मिटलेला असूनही हवा कुठूनतरी आत जात होती. आणि मिक्श्चरचा स्क्रू कुणीतरी भरपूर उघडून त्या चोरट्या हवेला पेट्रोलचा खुराक लावून ठेवला होता. अशी गळती शोधायला काहीजण पेट्रोल शिंपडतात. कृपा करून तसलं धाडस करू नका. आम्ही तोच इस्त्रीचा फवारा कार्बुरेटरच्या बुडाशी, सांध्यावर मारला (कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डेल्को, यांना पाणी लागू न देता). मागच्या नटाजवळ पाणी पडताच इंजिनाचा सूर बदलला, रेस खाली आली.

कार्बुरेटर उतरवून काचेवर ठेवला तर डुगडुगत होता. नट वाजवीपेक्षा जास्त आवळून बूड वाकलं होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हळूहळू घासलं, नवीन पॅकिंग घातलं, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. या एका कामाला अडीच तास गेले. जाता जाता पेट्रोलचा रबरी पाइपही बदलला, जुना फुगून भेगाळला होता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. जुनी गाडी असेल त्यांनी हे पाइप आजच पाहा.

संध्याकाळी सातला रेस 820. टायमिंग लाइट लावून पाहिला, टायमिंगला हात लावावा लागला नाही. वायपर अजून चालत नाही, तो पुढच्या सुट्टीत.

रविवारी सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. मामीने घेतला. म्हणाली, "ते गाडी घेऊन पाम बीचला गेलेत. नंतर करा."