दोन जोड चपला आणि मोजे

रेडीच्या यशवंतगडाचे जांभ्याचे तट तुम्ही पाहिले असतील. झाडांच्या मुळांनी आवळले तरी अजून उभे आहेत. पण तिथे पहारा देणाऱ्या शिपायांना कधी घरून पत्र आलं असेल, तर ते कोकणातल्या पावसात कुठलं टिकायला!

आता नवल ऐका. इंग्लंडच्या उत्तर भागात, तसल्याच ओल्या मुलखात, विंडोलंडा नावाचा रोमन किल्ला होता. १९७३ साली तिथे खणताना पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांवर शाईनं लिहिलेली, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची पत्रं! एकात लिहिलंय, तुला मोजे पाठवलेत, चपलांचे दोन जोड आणि दोन लंगोटही.

लाकूड कुजलं कसं नाही? जुन्या किल्ल्यावर माती दाबून नवा बांधत गेले. खालच्या ओल्या चिखलात हवाच पोचली नाही, आणि लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणू-बुरशींना ऑक्सिजन लागतो.

गंमत म्हणजे तिथले कितीतरी शिपाई रोमचे नव्हतेच. त्यांतले बटावी लोक ऱ्हाइन नदीच्या मुखाकडचे, आजच्या नेदरलँड्समधले. जिंकलेल्या मुलखातल्या तरुणांच्या अशा वेगळ्या पलटणी रोम उभारायचा. पंचवीस वर्षं चाकरी केली की रोमचं नागरिकत्व मिळे, त्याचा दाखला काशाच्या पत्र्यावर कोरलेला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की लेखनाची परंपरा नसलेल्या घरांतली ही पोरं फौजेत लिहू-वाचू लागली.

आपल्या कोकणातही असं घडलंय. महारांच्या मुलांना अस्पृश्य ठरवून गावच्या शाळेत घेत नसत. इंग्रजांच्या मुंबई फौजेत मात्र ते शिपाई होते, आणि पलटणीच्या शाळेत अक्षरं शिकायला मिळत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिकवत. दापोलीत तर निवृत्त शिपायांची वस्तीच होती. १८८६ साली फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तिथेच राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यता मानणाऱ्यांना थेट प्रश्न विचारले. पुढे सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लांबलचक अर्जही त्यांनीच लिहिला.