तळघरातली ओल: भिंत झाकण्याआधी फोनवरचा आलेख बघा

आज जरा वेगळा विषय घेऊया. घराखालचं तळघर, म्हणजे बेसमेंट, राहण्याजोगं करायचं असेल तर ओल कशी थांबवायची आणि थंडी अडवणारा थर कसा लावायचा, हे आपण पाहणार आहोत. विषय बांधकामाचा आहे, पण त्यातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम एक छोटा ब्लूटूथ सेन्सर आणि तुमचा फोन करतो.

मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात वरची जमीन गोठते, त्यामुळे घराचा पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून लोक खाली अख्खा मजला काढतात. आमचं तळघर काँक्रीटचं आणि रिकामं होतं. आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार, म्हणून खाली एक खोली करायचं ठरलं. आईला दमा आहे. त्यामुळे बुरशीचा वास येणारी खोली चालणारच नव्हती.

ठेकेदाराचा बेत सोपा होता: भिंतीला लागून लाकडी चौकट, तिच्यात फायबरग्लासची गादी, वर प्लास्टिकचा कागद आणि शेवटी जिप्सम बोर्ड. पाच दिवसांत काम तयार. मी म्हटलं, थांबा. पाणी नक्की कुठून येतंय ते आधी बघू.

पाणी दोन वाटांनी येतं

पहिली वाट बाहेरची. पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि काँक्रीटमधून आत झिरपतं. दुसरी वाट हवेची. हवेतली वाफ थंड भिंतीला लागून पाणी होते, जसं फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून थेंब येतात. डोळ्यांना दोन्ही ओली सारख्याच दिसतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत. बाहेरून येणाऱ्या पाण्यावर डिह्युमिडिफायर पुरत नाही, आणि हवेतल्या वाफेवर वॉटरप्रूफ रंगाचा काही उपयोग होत नाही.

ओळखायचं कसं? स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. ओलसर जागा आधी पुसून वाळवा, मग फूट-दीड फुटाचा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना फॉइलच्या मागे पाणी दिसलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब असले तर ते हवेतलं आहे. भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, धरला असेल तर तीही खूण समजा. काँक्रीटमधून येणारं पाणी वाळताना क्षार मागे ठेवून जातं, त्याचाच तो लोणा.

आमच्याकडे दोन्ही निघालं. एका कोपऱ्यात फॉइलच्या मागे पाणी होतं आणि बाकी भिंतींवर पुढून थेंब.

फोनचं काम इथे सुरू होतं

२०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर होता. आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो, म्हणून वेगळा घ्यावा लागतो. काडेपेटीएवढा ब्लूटूथ सेन्सर इथे दहा-पंधरा डॉलरला मिळतो. मी तीन घेतले: एक तळघरात, एक वरच्या मजल्यावर, एक बाहेर सावलीत. ॲपमध्ये दिवस-रात्रीचा आलेख आपोआप तयार होतो.

सेन्सर बरोबर दाखवतो का, हे घरीच तपासता येतं. एका झाकणात मीठ घ्या आणि त्यात थोडंसंच पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट बंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा, पाणी सेन्सरला लागू देऊ नका. सात-आठ तासांनी डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७१ दाखवत असेल तर तो ४ कमी दाखवतोय, एवढं लक्षात ठेवा.

आता खरा आकडा: दवबिंदू. ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते तो दवबिंदू. बरीच ॲप्स तो थेट दाखवतात. नसेल तर तोंडी हिशेब करा: आर्द्रता १०० पासून जितकी कमी असेल तिला ५ ने भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं.

उदाहरण बघा. हवा २५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० टक्के. १०० मधून ७० गेले, ३० उरले. ३० भागिले ५ म्हणजे ६. २५ वजा ६ म्हणजे दवबिंदू १९ अंश. जून महिन्यात माझ्या तळघराची भिंत होती १७ अंश. कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे तसंच दिसणारं, पण वस्तूंचं तापमान मोजणारं यंत्र मिळतं, त्याने मी मोजली. भिंत दवबिंदूपेक्षा थंड, म्हणजे तिच्यावर पाणी येणारच.

आलेखात आणखी एक गोष्ट दिसली. दुपारी 'हवा खेळू दे' म्हणून खिडकी उघडली की तळघरातली आर्द्रता उतरण्याऐवजी चढत होती. उन्हाळ्यातली बाहेरची हवा गरम आणि वाफेने भरलेली असते. ती आत येऊन थंड झाली की वाफ सोडून देते. त्यामुळे इथे उन्हाळ्यात तळघराची खिडकी बंदच ठेवायची.

दुरुस्ती बाहेरून सुरू करा

१०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी होतं. ते पन्हळीतून पायाशीच सोडलं तर जाणार कुठे? ओल्या कोपऱ्यावर आमचा पन्हळीचा पाइप नेमका भिंतीजवळ सुटत होता. तो काही फूट लांब नेला आणि भिंतीलगत माती भरून उतार बाहेरच्या बाजूला केला. इथल्या बांधकाम नियमानुसार पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच उतार हवा. त्यानंतर दोन मोठे पाऊस होऊ दिले आणि पुन्हा फॉइल लावली. मागची बाजू कोरडी निघाली, तेव्हाच आतल्या कामाला हात लावला.

मग आतला थर, आणि तोही योग्य क्रमाने

ठेकेदाराच्या बेतात अडचण काय होती? फायबरग्लासच्या गादीतून हवा आरपार जाते. खोलीतली दमट हवा गादीतून मागच्या थंड काँक्रीटपर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. समोर प्लास्टिक असलं तरी विजेच्या पेट्या, सांधे, फटी यांतून हवा वाट काढतेच. उलट, काँक्रीटमधून आलेली ओल प्लास्टिकमुळे खोलीकडे वाळत नाही. लाकूड आणि बोर्डाचा कागद म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं. भिजलेलं सामान २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरू शकते, आणि इथे ती बोर्डाच्या मागे असल्यामुळे महिनोन् महिने दिसणारही नाही.

म्हणून आम्ही क्रम बदलला. एक्सपीएस नावाच्या कडक फोमचे २ इंचांचे बोर्ड थेट काँक्रीटला चिकटवले आणि सांध्यांवर टेप लावली. अशा फोमचा प्रत्येक इंच साधारण आर-५ धरतात, म्हणजे २ इंचांचा आर-१०. आर म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, आकडा मोठा तितकी ती जास्त. आता खोलीतल्या हवेला थंड काँक्रीट भेटतच नाही. तिला भेटतो तो फोमचा कोमट पृष्ठभाग. भिंतीच्या माथ्यावर, जिथे लाकडी मजला काँक्रीटवर टेकतो, तिथल्या फटींतून सर्वांत जास्त वारा येतो. तिथे फोमचे तुकडे कापून बसवले आणि कडा स्प्रे फोमने बंद केल्या. त्यापुढे लाकडी चौकट आणि शेवटी अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड. प्लास्टिकचा कागद अजिबात नाही. बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवला, म्हणजे खाली पाणी सांडलं तर तो ते शोषणार नाही. फोम उघडा मात्र कधीच ठेवू नका. तो पेटतो आणि विषारी धूर सोडतो.

हे झाल्यावर डिह्युमिडिफायर. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी, आणि ३० ते ५० असली तर उत्तम. आता माझ्या फोनवर ५५ ला इशारा वाजतो.

झोपायची खोली करण्याआधी

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्कला गाठलं. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री शहरात तळघरातल्या घरांमध्ये ११ जणांचा जीव गेला. नियम असा, की तळघरात झोपायचं असेल तर माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी किंवा थेट बाहेर जाणारं दार हवंच. आमची खिडकी हातभर. ती मोठी करायची तर पायाची भिंत कापावी लागणार होती. शेवटी आम्ही ठरवलं की आई-बाबा वरच्या खोलीत राहतील आणि माझं ऑफिस खाली जाईल. तरी खालची कोरडी हवा आईसाठीही तेवढीच गरजेची, कारण हिवाळ्यात घरातली गरम हवा वर सरकते आणि तळघरातली हवा सोबत घेऊन जाते.

जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही तपासून घ्या. त्याला वास नाही, रंग नाही. चाचणीचा संच दुकानात मिळतो.

पुण्या-कोकणातल्या वाचकांसाठी

तुमच्याकडे तळघर नसेल आणि फोमची गरजही नसेल. पण पावसाळ्यात भिंत ओली होते, रंगाचे पोपडे निघतात आणि दर दिवाळीला पुन्हा रंग द्यावा लागतो, हे अनेक घरांत चालतं. तिथे पाणी बहुतेक वेळा गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून, नाहीतर पायातून चढून येतं. रंगवाला बोलवण्याआधी फॉइलचा एक चौकोन चिकटवून बघा. मागे पाणी निघालं तर आधी गळती शोधा. रंग भिंत वाळल्यावर.